पिशवी कुजते, पण कुठे?

मी घाटघरहून बोलतेय.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाने नाचणीचे पापड 'कुजणाऱ्या' पिशव्यांत भरले. नाणेघाटात येणाऱ्या पर्यटकांना विकायचे होते. आठवड्यात पापड मऊ पडले. एक रिकामी पिशवी शेणखताच्या खड्ड्यात पुरली, ती दिवाळीला तशीच निघाली. वाटलं, फसलो.

मग माहिती काढली. ही पिशवी बहुतेक वेळा एकाच पदार्थाची नसते. मका किंवा उसापासून पीएलए बनतं. ते कडक, पटकन तडकणारं. नुसत्या नाचणीची पोळी तुटते, थोडी कणीक मिसळली की लाटता येते ना? तसंच पीएलएमध्ये पीबीएटी मिसळतात. ते खनिज तेलापासूनचं, पण कुजणारं आणि ताणलं जाणारं. पीएलए बनवून दाखवणारा प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात, जेजुरीला, २०२४ मध्ये सुरू झालाय.

पण पीएलए लवकर कुजायला साठ अंशांच्या आसपास उष्णता आणि ओल लागते. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात ती मिळते, आपल्या खड्ड्यात टिकत नाही. शिवाय साध्या प्लॅस्टिकपेक्षा या पिशवीतून दमटपणा जास्त आत जातो. मग आपल्या धुक्यात पापड कसे टिकणार?

म्हणून बायांनो, नुसत्या 'बायोडिग्रेडेबल' शब्दावर जाऊ नका. पिशवीवर 'कंपोस्टेबल' आणि आयएस १७०८८ लिहिलंय का बघा, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा. पावसाळ्यात माल घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, गिऱ्हाईक आलं की पिशवीत भरा. आणि रिकामी पिशवी रानात टाकू नका. गाईला काही अक्षरं वाचता येत नाहीत.