तंबूतली कॉफी आणि हंड्यातलं पाणी



थंडी पडली की शिरपामाळावर तंबू दिसायला लागतात. शनिवारी दुपारी मुंबई, ठाणे, नाशिककडच्या गाड्या येतात आणि रविवारी संध्याकाळी जातात. छत्रपती शिवाजी महाराज सुरतेला निघाले तेव्हा त्यांचा मुक्काम याच माळावर पडला होता आणि जव्हारच्या राजाने त्यांना मानाचा शिरपेच दिला, असं आपल्याकडे सांगतात. माळाला नावही त्यावरूनच पडलं म्हणतात. म्हणजे मुक्काम ठोकायला ही जागा जुनीच आहे. सुरतेचा व्यापार त्या काळात अरबस्तानातल्या मोखा बंदराशी चालायचा, आणि मोखा म्हणजे कॉफीचंच बंदर. मोखा आणि आपला मोखाडा, नावं ऐकून हसू येतं. बाकी संबंध काही नाही.

आज बोलायचंय ते कॉफीबद्दल. आपल्यातल्या कितीतरी जणी आता या पाहुण्यांचं जेवण करून देतात. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी, यात आपला हात कुणी धरणार नाही. चहाही चांगला होतो. पण सकाळी सहाला तंबूतून कुणीतरी डोकं बाहेर काढून विचारतं, "ताई, कॉफी मिळेल का?" आणि आपण गरम दुधात एक पुडी ढवळून देतो. ते पितात, पण दुसरा कप मागत नाहीत. आपल्या घरांत कोरा चहा चालतो, कॉफीची सवय नाही, त्यामुळे ती कशी असायला हवी हेच कुणी सांगितलेलं नसतं. यात कमीपणा काही नाही. शिकली की ती भाकरीपेक्षा सोपी आहे.

आधी पूड. दुकानात दोन तऱ्हेच्या कॉफ्या मिळतात. एक पाण्यात विरघळते, तळाशी काही राहत नाही. दुसरी दळलेल्या दाण्यांची, तिला गाळावं लागतं. माळावर चांगली कॉफी द्यायची तर दुसरी घ्या. पुडक्यावर बारीक अक्षरात चिकोरी किती टक्के आहे ते छापलेलं असतं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. त्याने रंग गडद होतो, कॉफी दाट लागते, पण त्यात कॉफीची तरतरी नसते. कायद्याने ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे पुडक्यात जवळपास अर्धं मूळच असू शकतं. दूध घालून द्यायची असेल तर वीस-तीस टक्के चिकोरी चालते, काहींना तीच आवडते. कोरी द्यायची असेल तर बिनचिकोरीची घ्या. दळून मिळत असेल तर जाडसर दळायला सांगा, रव्यासारखी. फार बारीक पूड तळाशी बसत नाही, घोटाघोटाला दातात येते. आणि पुडकं फोडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दोन-तीन आठवड्यांत वास उडतो, मग कितीही घाला, नुसतं कडू पाणी. म्हणून स्वस्त पडतं म्हणून किलोभर आणून ठेवू नका.

आता करायची कशी. यंत्र लागत नाही. एक टोप, एक ताटली, एक स्वच्छ सुती फडकं. दहा कप कोऱ्या कॉफीला दीड लिटर पाणी आणि साधारण ९० ग्रॅम पूड. घरच्या मोठ्या चमच्याने पहिल्यांदा एकदा मोजून ठेवा, पुन्हा वजन करायला नको. पाणी खळखळून उकळू द्या. मग टोप खाली उतरवा. इथेच सगळं आहे, बायांनो. चहासारखी कॉफी चुलीवर उकळत ठेवायची नाही. उकळत राहिली की सुगंध वाफेबरोबर जातो आणि कडूपणा तेवढा मागे राहतो. उतरवल्यावर अर्धा मिनिट थांबा, पूड टाका, एकदा ढवळा, ताटली झाका आणि चार मिनिटं हात लावू नका. मग वरून थंड पाण्याचा एक हबका मारा. वर तरंगणारी पूड खाली बसते. आता फडक्यातून हळूहळू गाळा. टोप शेवटपर्यंत उपडा करायचा नाही, तळाचं घोटभर राहू द्यायचं. ते फडकं कॉफीपुरतंच ठेवा आणि साबणाने धुऊ नका, साबणाचा वास पुढच्या दहा कपांत उतरतो. नुसत्या पाण्यात खळबळून उन्हात वाळवा.

अर्धा मिनिट का थांबायचं? कॉफीला ९२ ते ९६ अंशांचं पाणी मानवतं. समुद्राजवळ पाणी १०० अंशांना उकळतं आणि जसं वर चढावं तसं कमी अंशांवर उकळायला लागतं, तीनशे मीटरला साधारण एक अंश. जव्हार साडेचारशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपलं पाणी साडेअठ्ठ्याण्णवच्या आगेमागे उकळतं, जरा निवावं लागतं. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, ते साडेचौऱ्याण्णवलाच उकळतं. तिथे थांबायला नको, सरळ ओता. ही गोष्ट एखाद्या गिर्यारोहक पाहुण्याला सांगून बघा, तो वहीत लिहून घेईल.

दुधाची हवी असेल तर पाणी निम्मं करा, पूड तेवढीच ठेवा, म्हणजे घट्ट अर्क निघतो. तो कपात घालून वर गरम दूध. आपल्याकडे ताजं दूध रोज मिळेलच असं नाही. दुधाची पावडर वापरायची तर आधी वाटीभर कोमट पाण्यात कालवून घ्या. सरळ गरम कॉफीत टाकली की गुठळ्या होतात आणि मग त्या चमच्याने पाठलाग करत फोडाव्या लागतात. शहरातल्या जुन्या मराठी घरांत कॉफीत जायफळ आणि वेलची घालत. रात्री शेकोटीपाशी बसलेल्यांना तशी देऊन बघा. जायफळ मात्र चिमटीभरच, दहा कपांना दोन वेळा किसणीवर ओढलं की पुरे. ज्यांना झोप हवी आहे त्यांना रात्री कॉफी देऊच नका, गवती चहा द्या.

चूल मांडताना वाऱ्याकडे पाठ करून मांडा. दगड माळावरचे कोरडे घ्या, ओढ्यातले ओले घेऊ नका. आत पाणी मुरलेला दगड तापला की फुटतो, कपच्या उडतात. फेब्रुवारीपासून पुढे गवत वाळलेलं असतं, तेव्हा चुलीभोवती दोन हात जागा खरवडून घ्यायची आणि निघताना विस्तवावर पाणी घालून हाताने चाचपायचं. गरम लागलं तर विझलेला नाही.

एक गोष्ट पाहुण्यांना न लाजता सांगायची. थंडी वाजते म्हणून शेगडी, निखाऱ्यांचं घमेलं किंवा गॅस तंबूच्या आत न्यायचा नाही. कॉफी करायलासुद्धा नाही. बंद जागेत जळणातून जो विषारी वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. नेपाळमध्ये दामण इथे जानेवारी २०२० मध्ये केरळचे आठ पर्यटक, त्यातली चार लहान मुलं, खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले ते उठलेच नाहीत. ती तर खोली होती, तंबू त्याहून लहान. पाहुणे रागावले तर रागावू द्या.

आता पाण्याचं. गेल्या वर्षी एका शिबिरवाल्याने आमच्या गटाला सांगितलं, चहा-कॉफी जेवणातच धरा. माणसं चाळीस, दिवसातून तीन वेळा कॉफी. आमच्यातल्या एकीने मातीत काडीने हिशोब मांडला. दीडशे मिलिलिटरचा कप, चाळीस माणसं, तीन वेळा, म्हणजे अठरा लिटर. आपला हंडा पंधरा लिटरचा धरला तर सव्वा हंडा. हे पिण्याचं झालं. कप धुवायचे एकशे वीस, एका कपाला अर्धा लिटर धरलं तर साठ लिटर, म्हणजे चार हंडे. पिण्याला सव्वा आणि धुण्याला चार! ते कुणी आणले? विहिरीवरून आपणच.

पावसाळ्यात आपल्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मार्च सरला की टँकरची वाट बघायची. उतार आणि काळा पाषाण, पाणी मुरत नाही, वाहून जातं. मोखाड्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण २०१२ मध्ये पूर्ण झालं, शंभर मीटरहून उंच. त्याचं पाणी मुंबईला जातं. म्हणजे मुंबईकर घरी कॉफी करतो त्यातही आपल्या डोंगरावरचा पाऊस असतो. तिथे तो नळाने जातो, इथे त्यालाच पाणी द्यायला बाईच्या डोक्यावर हंडा.

म्हणून आम्ही त्या शिबिरवाल्याला दोन गोष्टी सांगितल्या. कॉफीचा दर वेगळा, आणि प्रत्येकाने आपला कप घरून आणायचा, तोच दोन दिवस वापरायचा, स्वतःच विसळायचा. पहिल्यांदा त्याने तोंड वाकडं केलं. पाहुण्यांनी मात्र काही कुरकूर केली नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की पाणी कुठून येतं. दर ठरवताना पूड, दूध, साखर मोजतोच आपण. पाव किलो पुडीत कोरे सत्तावीस कप होतात, नऊ ग्रॅमने. पण सरपण, पाणी आणि पहाटे पाचला उठणं हेही त्यात धरा.

काही जणींनी टाकळ्याच्या बियांच्या कॉफीचं विचारलं आहे. हो, होते. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी खातो तोच टाकळा. दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळल्या की बिया काढायच्या, मंद आचेवर काळपट तपकिरी होईपर्यंत भाजायच्या, कुटायच्या. वास खमंग येतो, चव कडवट. तरतरी येत नाही, कारण कॉफीतला तो गुण त्यात नाही. पोट थोडं सैल करते, म्हणून एक कप पुरे. पाहुण्यांना द्यायची तर टाकळ्याची म्हणूनच द्या, कॉफी म्हणून नको. उलट टाकळ्याची म्हटल्यावर ते जास्त कौतुकाने पितात.

पण टाकळा आणि कासविंदा यांत गल्लत होऊ देऊ नका. टाकळ्याच्या पानाला गोल टोकाच्या पाकळ्यांच्या तीन जोड्या असतात, शेंग बारीक आणि लांब. कासविंद्याला चार-पाच जोड्या, टोकं निमुळती, पान चुरगळलं की घाण वास, शेंग चपटी. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात दरवर्षी थंडीच्या तोंडावर लहान मुलं अचानक बेशुद्ध होऊन दगावत होती. २००७ च्या सुमारास डॉक्टरांनी शोधून काढलं की मुलांनी खेळताना कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या. बिया गोळा करायला मुलांना पाठवत असाल तर आधी दोन्ही झाडं हातात धरून दाखवा. शंका आली तर ती पाटी ओतून द्या.

शेवटी डाहाणू रस्त्याकडच्या एका ताईंचा प्रश्न. साखरेऐवजी गूळ घातला तर दूध फाटतं, काय करावं? ताई, गूळ उकळत्या दुधात घालू नका. टोप उतरवा, दोन मिनिटं निवू द्या आणि मग किसलेला गूळ घाला. नाहीतर गूळ कपात आणि कॉफी वरून. कोरी असेल तर प्रश्नच नाही, कधीही घाला.