घरची बोली आणि दारची भाषा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या परिसरात आपले मूल आजीशी मारवाडी वा गुजराती बोलते, अंगणात मराठी, बाजारात हिंदी आणि शाळेत बहुधा इंग्रजी. एवढ्या भाषांनी ते गोंधळेल या भीतीने अनेक घरांनी आपली बोलीच बंद केली आहे. ही भीती अनाठायी आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

पहिली भाषा शिकवावी लागत नाही. ती मांडीवरच मिळते. १९८४ साली जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी इंग्रजीभाषक घरांतील तान्ह्या बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांसारखे ध्वनी ऐकविले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यांतील भेद कळत होता; वर्षाची होईतो तो फारच थोड्यांना कळू लागला. जे कानी पडत नाही, ते कान सोडून देतो.

मोठेपणी शिकलेली भाषा मात्र पहिलीच्या आधाराने चालते. मराठीप्रमाणे गुजरातीतही तीन लिंगे आहेत; म्हणून गुजरातीभाषकास नपुंसकलिंग परके वाटत नाही. मारवाडी व सिंधी भाषांत दोनच लिंगे. तेथून आलेला माणूस 'ते झाड' म्हणताना अडखळतो. 'चाक' आणि 'चार' यांतील 'च' निराळे आहेत, हेही त्यास उशिरा उमगते. यात कमीपणा काहीच नाही. चुकत बोलणाराच शिकतो. पाठशाळेतील मूल नवकार अस्खलित म्हणते, पण त्यास प्राकृतात पाणी मागता येत नाही. पाठांतर निराळे आणि भाषा निराळी. भाषा येते ती व्यवहाराने.

आपल्या पूर्वसूरींना अनेक भाषांचे भय नव्हते. इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे रचलेल्या 'कुवलयमाला' या प्राकृत ग्रंथात उद्योतनसूरींनी बाजारात जमलेल्या देशोदेशींच्या व्यापाऱ्यांच्या बोली कौतुकाने नोंदविल्या. त्यांत मराठीही आहे. त्याच मराठीस व प्राकृतास ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला.

परंतु दर्जाने भाषा जगत नाही. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या सिंधी बांधवांनी उल्हासनगर वसविले. त्यांच्या भाषेस १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. तरीही आज तेथील कित्येक घरांत आजी सिंधीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. आपल्या घरांतही हेच घडू लागले आहे. पुढच्या पिढीत आजीचा प्रश्नच नातवाला कळणार नाही.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. घरात आपली बोली नि:संकोच बोला. आणि ज्या भूमीने आपणांस आसरा दिला, तिची मराठी शेजाऱ्यापाजाऱ्यांत वावरून शिका. एकीसाठी दुसरीचा त्याग करण्याचे कारण नाही.

जय जिनेंद्र!