एका बाजूला गार, एका बाजूला कोमट

आज मी बोलणार आहे गाडीच्या एसीबद्दल. तुम्ही म्हणाल, आमचा आणि एसीचा काय संबंध? पण गटाचं कर्ज काढून गाडी घेतलेल्या, ती भाड्याने चालवणाऱ्या बायका आता आपल्यातही आहेत. मी त्यातलीच एक. पुण्यात स्टेशन, विमानतळ, हिंजवडी अशी भाडी करते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या गाडीत डाव्या बाजूला गार हवा यायची आणि माझ्या बाजूला कोमट. मागे बसलेली माणसं कुरकुरायची. एका गॅरेजमध्ये गेले. बॉनेटही न उघडता उत्तर मिळालं, "ताई, गॅस संपलाय." भरला. महिन्याने पुन्हा तेच. पुन्हा भरला. दोन वेळचे मिळून चार हजार गेले आणि गटाचा हप्ता थकला.

तिसऱ्या वेळी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले. त्याने पाइपच्या जोडावरचा तेलकट डाग दाखवला. गळती तिथे होती. एक रबरी रिंग बदलली आणि काम झालं.

मैत्रिणींनो, एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कित्येक वर्षांत थोडा झिरपतो. पण महिन्या-दोन महिन्यांत कमी झाला, तर गळती आहेच. मग एकच बाजू गरम का होते? डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. गॅस कमी पडला की कॉइलचं सुरुवातीचं टोक गार होतं आणि पुढचा भाग तसाच राहतो. पाटाला पाणी कमी आलं की शेवटचा वाफा कोरडा राहतो ना, तसं.

पण दर वेळी दोष गॅसचाच असतो असंही नाही. म्हणून गॅरेजला जाण्याआधी घरीच तपासा. गाडी सावलीत, मोकळ्या जागेत उभी करा. इंजिन आणि एसी चालू, काचा बंद, बटण आतली हवा फिरवण्यावर, थंडावा पूर्ण. दहा मिनिटांनी चारही जाळ्यांसमोर हात धरा आणि काय जाणवलं ते वहीत लिहा.

चारही जाळ्यांतून हवा गार, पण जोर कमी? एसीचा फिल्टर धुळीने भरला असेल. बऱ्याच गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो.

गाडी पळताना गार आणि सिग्नलला थांबली की गरम? पुढचा पंखा फिरतो का ते बघा, कंडेन्सरच्या जाळीत कचरा आहे का तेही बघा. पंखा अचानक सुरू होतो, म्हणून हात आणि पदर लांब ठेवा.

एकच बाजू कोमट? थंड-गरमचं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. हवेत फरकच पडत नसेल किंवा डॅशबोर्डमागे टकटक आवाज येत असेल, तर आतली झडप अडकलेली असू शकते. तिथे गॅस भरून उपयोग नाही.

झडप ठीक असेल, तर गॅसचा दाब मोजायला सांगा. कमी निघाला तर स्पष्ट म्हणा, "आधी गळती शोधा, मग गॅस भरा." नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते बघता येतं. नळ्या मात्र स्वतः कधीच सैल करू नका. आत दाब असतो, आणि अंगावर उडालेला गॅस कातडी गोठवतो.

मिस्त्रीसमोर वही उघडली की त्याचं बोलणंही बदलतं, हा माझा अनुभव आहे. काय बदललं ते विचारा, जुना भाग मागून घ्या, पावती घ्या. गाडी आपली आहे आणि हप्ताही आपणच भरतो. मग विचारायला संकोच कसला?