दगडफुलाचे कूळ : पार्मोट्रेमा

गोड्या मसाल्यातील दगडफूल हे फूल नव्हे आणि बहुधा ते दगडावरचेही नसते. झाडाच्या सालीवरून काढलेले ते शैवाक होय. शैवल अन्न तयार करते, कवक त्याला आसरा देते, असा हा संसार! बाजारातील मालात उष्ण प्रदेशांत विपुल असणाऱ्या पार्मोट्रेमा या प्रजातीचा भरणा असतो. इटालियन शास्त्रज्ञ मास्सालोंगो यांनी १८६० साली तिचे नामकरण केले.

हिच्या पाळ्या रुंद, गोलसर व राखी असून कडेला पुष्कळदा काळे केस असतात. खरी ओळख पटते ती मात्र उलटून पाहिल्यावर. मध्यभाग काळा व मुळांसारख्या धाग्यांनी सालीला धरलेला; कडेचा रुंद पट्टा तपकिरी आणि धाग्यांवाचून उघडा. त्यामुळे कडा सुटी राहते व सहज हाती येते. हेच तिचे दुर्दैव, कारण वाढ वर्षाकाठी काही मिलिमीटरच असते. अनेक जातींच्या कडेवरील भुकटीत कवक व शैवल एकत्र असतात. ती वाऱ्याने उडून नव्या सालीवर रुजते. म्हणून दगडफूल गोळा होते तेथे प्रत्येक फांदी न खरवडता काही झाडे अस्पर्श राखणे ग्रामपंचायतींना सहज शक्य आहे.