शेक्सपिअर घराण्याचा भाला

शेक्सपिअर हें आडनांव ‘हलविणें’ आणि ‘भाला’ या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचें. श्रोतेहो, नाटककाराचे वडील जॉन शेक्सपिअर यांनीं मात्र भाला नव्हे, सुईच चालविली. स्ट्रॅटफर्ड गांवीं ते हातमोजे शिवीत. १५६८ सालीं ते गांवचे नगरप्रमुख झाले. पुढें कर्जें वाढलीं, मान ओसरला.

२० ऑक्टोबर १५९६ रोजीं त्यांना कुलचिन्ह मंजूर झालें: सोनेरी ढाल, तीवर तिरपा काळा पट्टा, पट्ट्यावर रुपेरी टोंकाचा सोनेरी भाला, वर पंख पसरलेला ससाणा, त्याच्याहि पंजांत भाला! आडनांवावरील असा चित्रश्लेष इंग्रजी कुलचिन्हांत पुष्कळ आढळतो, आणि तो हलका मानीत नाहींत. हलके ठरविले गेले ते शेक्सपिअर. १६०२ सालीं राल्फ ब्रूक या चिन्हाधिकाऱ्यानें अपात्रांना चिन्हें दिल्याची तक्रार केली. तींत ‘नट शेक्सपिअर’ हेंहि नांव होतें. जॉन यांनीं गांवांत न्यायाधिकार चालविला होता, असें उत्तर त्याला मिळालें.

कुलचिन्ह बापाकडून मुलाकडे जावयाचें. पण विल्यमचा एकुलता एक मुलगा हॅम्नेट, वय वर्षें ११, याचें दफन त्याच वर्षीं ११ ऑगस्टला झालें होतें. स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्यें विल्यमच्या स्मारकावर ती ढाल आजहि आहे.