हप्ते बदलण्याआधी

परंडा तालुक्यातले सोनारी हे गाव भैरवनाथाच्या देवळामुळे दूरवर ठाऊक आहे. चैत्रात इथे नाथाची यात्रा भरते. पण त्याच सुमारास गावात आणखी एक धावपळ चाललेली असते, आणि तिच्यात गुलाल नसतो. ती मार्चअखेरची. खरिपाचे पीककर्ज सोसायटीला नाही तर बँकेला भरायचे असते. पैसा हाती असला तर प्रश्नच नाही. नसला, तर गटसचिव म्हणतात, "अण्णा, पुनर्गठन करून घ्या." शेजारी म्हणतो, "नवं-जुनं करा की." तिसरा सांगतो, "थांबा हो, माफी होईल." चौथा म्हणतो, "एकरकमी तडजोड करा आणि मोकळे व्हा." सल्ला देणारे चौघे, सही मात्र एकट्या अण्णांची. म्हणून आज या चार वाटांचा हिशेब आपण मांडून पाहू.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फेड लांबवून मागणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून शेतकऱ्यांचा उठाव झाला. शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याने न्यायालयाला रोख्याच्या मागचा खरा हिशेब तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला. शेती पावसावर चालते, आणि पाऊस काही तारीख पाळत नाही. तेव्हा हप्तेबंदी ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

पहिली वाट पुनर्गठनाची. आपल्या भागाने 2012-13 चा आणि 2015-16 चा दुष्काळ पाहिला, आणि 2025 च्या सप्टेंबरात सीनेचा पूरही पाहिला. अशा वर्षी पीककर्ज एका वर्षाचे न ठेवता काही वर्षांच्या मुदतीचे करतात. रिझर्व्ह बँकेच्या 2018 च्या निर्देशांत याचे माप दिले होते. पीक 33 ते 50 टक्के गेले तर फेडीला दोन वर्षांपर्यंत मुदत, आणि निम्मे किंवा त्याहून जास्त गेले तर पाच वर्षांपर्यंत. दोन्हींत पहिले वर्ष हप्त्याविना. असे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून आपल्या साली काय लागू आहे ते शाखेत विचारून घ्यावे. या वाटेचा मोठा गुण असा, की खाते थकबाकीत जात नाही आणि पुढच्या पेरणीला नवे कर्ज मिळू शकते.

पण किंमत काय पडते? आकडा मांडू. कर्ज 1 लाख. समजुतीसाठी व्याज सर्व वर्षे शेकडा 9 धरू. पहिल्या वर्षी नुसते व्याज, 9,000 रुपये. पुढची चार वर्षे मुद्दलाचा हप्ता 25,000, आणि राहिलेल्या मुद्दलावर व्याज अनुक्रमे 9,000, 6,750, 4,500 आणि 2,250. सगळे व्याज मिळून 31,500 रुपये झाले. आता दुसरी बाजू पाहा. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे 2021 पासून 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला, केंद्राची सवलत धरून, शून्य टक्के व्याज पडू लागले. म्हणजे ज्याची फेड होण्याजोगी आहे, त्याने नुसते सोपे वाटते म्हणून पुनर्गठन घेतले, तर फुकटचे कर्ज त्याने विकतचे केले. ज्याचे पीक खरोखर बुडाले, त्याला मात्र 31,500 रुपयांत पाच वर्षांचा श्वास मिळाला. दोघांचा कागद एकच, पण एकाचे नुकसान तर दुसऱ्याची सोय.

आणखी एक गोष्ट विसरू नये. दुसऱ्या वर्षापासून जुना हप्ता आणि नवे पीककर्ज, दोन्ही एकाच खळ्यातून फेडायचे असतात. वरच्या हिशेबात दुसऱ्या वर्षीचा हप्ता व्याजासकट 34,000 होतो. तेवढी ज्वारी, तूर, सोयाबीन आपल्या रानातून निघते का, हे सहीच्या आधी पाहावे.

दुसरी वाट नव्या-जुन्याची. कोणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे आणायचे, सोसायटीत भरायचे, नवे कर्ज उचलायचे आणि ज्याचे त्याला परत करायचे. चार दिवसांचेच काम असेल तर जमून जाते. पण नवी मंजुरी महिनाभर लांबली तर? खाजगी देणाऱ्याचा दर शेकडा दरमहा 5 रुपये असला, तर वर्षाला 60 टक्के झाले, आणि लाखाला महिन्याचे 5,000. महाराष्ट्राचा सावकारी नियमनाचा कायदा 2014 सालचा. त्याखाली परवानाधारक सावकाराला शेतीकर्जावर तारण असेल तर वर्षाला 9 आणि तारण नसेल तर 12 टक्के असा दर ठरवून दिला गेला. विनापरवाना सावकारीत जमीन गेली असेल, तर जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. मागच्या पंधरा वर्षांतल्या व्यवहाराची चौकशी करून जमीन परत देवविण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. बँकेची हप्तेबंदी सोडून अशा दाराशी जाणे म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात पडणे.

तिसरी वाट थांबण्याची. माफी झालीच नाही, असे मी म्हणणार नाही. 2017 साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली. तिच्यात दीड लाखांपर्यंत माफी होती, आणि त्याच्या वरची रक्कम शेतकऱ्याने आधी भरायची होती. 2019 च्या डिसेंबरात महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. तिच्यात 2 लाखांपर्यंतची थकबाकी धरली आणि पुनर्गठित कर्जेही धरली. पण मुद्दल आणि व्याज मिळून 2 लाखांच्या वर गेलेले खाते तिच्यात बसत नव्हते. म्हणजे वाट पाहताना वाढलेले व्याजच एखाद्याला दाराबाहेर ठेवू शकत होते. योजना आली तर जरूर घ्यावी. पण येईल या भरवशावर आपला हिशेब बांधू नये.

चौथी वाट एकरकमी तडजोडीची. बँक काही रक्कम सोडते, उरलेली एकदम भरून घेते. जुन्या, फार फुगलेल्या थकबाकीला हा उपाय चांगला. पण पतनोंदीत असे खाते 'पूर्ण फेड' म्हणून नव्हे, तर 'तडजोड' म्हणून नोंदले जाते, आणि त्यानंतर नवे कर्ज किती दिवसांनी द्यायचे हे बँक ठरवते. ते आधी विचारावे. ठरलेल्या तारखेला पैसे भरले नाहीत तर तडजोड मोडू शकते, हेही ध्यानात असावे. भरल्यावर बेबाकी दाखला घ्यावा आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरला की नाही ते तलाठ्याकडे जाऊन स्वतः पाहावे.

तर मग निवड कशी करावी? एक वाट सोडून दुसरी धरताना चार प्रश्न विचारावेत. शेवटपर्यंत एकूण किती भरावे लागेल? हाताशी असलेली कोणती सवलत जाईल? पुढच्या पेरणीला कर्ज मिळेल का? आणि नवे काय तारण लिहून द्यावे लागेल? चारही उत्तरे कागदावर घ्यावीत. "साहेब, एवढं लिहून द्या," असे म्हणायला कचरू नये. पुनर्गठनाच्या अर्जावरही आपली संमती लागते. न वाचता अंगठा देऊ नये.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. सरळव्याजाची उदाहरणे आपण वर्गात शिकवताच. त्यांत एक उदाहरण गावच्या पीककर्जाचे घाला. पाच वर्षांचे हप्ते मुलांना फळ्यावर मांडू द्या आणि ती वही घरी न्यायला सांगा. सातवीतल्या मुलीने संध्याकाळी वडिलांना विचारले, "अण्णा, आपल्याला एकूण किती भरावे लागणार?", तर सहीच्या आधी निदान एकदा तो हिशेब त्या घरात होईल.