बाजाराचं गाव आणि आपली गावसभा

(तालुका मेळाव्यात केलेलं बोलणं. वहीवरून लिहून काढलं आहे.)



आया-बायांनो, काकांनो, आणि मागं उभे असलेले पोरांनो, तुम्ही पण बसा. मला भाषण करायची सवय नाय. बारावीपर्यंत ह्याच तालुक्याच्या गावात राहून शिकले, म्हणून संघटनेनं सांगितलं, नगरपंचायतीवर तू बोल. वहीत लिहून आणलंय. मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या.

सुरुवात बाजारापासून करते. माझी आई पाऊस लागला की शेवळं घेऊन बाजारात बसते. मग कोळूची भाजी, करटोली, वास्ते. ओट्यावर तिला जागा नाय, ओटे दुकानवाल्यांचे. ती रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बसते. बसली की पावतीवाला हजर. एकदा तिची भवानी झाली नव्हती, पैसे नव्हते, तर त्यानं शेवळाच्या दोन जुड्या उचलून नेल्या. पावती दिली नाय. मी तेव्हा सातवीत होते, बाजूलाच बसले होते. आई मला म्हणाली, गप बस. हे इथं बसलेल्या किती बायांचं झालंय ते हात वर करून सांगायला नको, मला दिसतंय.

आता कायदा बघा. २४ डिसेंबर १९९६ ला पेसा कायदा झाला. त्यात लिहिलंय की अनुसूचित क्षेत्रात गावचा बाजार, सावकारी, दारू, गौण वनउपज, आदिवासीची गेलेली जमीन परत मिळवणं, ह्या सगळ्यांवर गावसभेचा आणि पंचायतीचा अधिकार. महाराष्ट्रानं त्याचे नियम केले मार्च २०१४ मध्ये. म्हंजे सतरा वर्षं लागली. त्या नियमांत पाड्याला आपलं वेगळं गाव जाहीर करून घेता येतं. ठराव करायचा, तो वर पाठवायचा.

आमच्या पाड्यानं तो ठराव केला. आमचा पाडा तालुक्याच्या गावाला चिकटून आहे, मधे फक्त ओहोळ. ग्रामपंचायत एकच. जांभळाखाली सभा बसली. मी कायदा वाचून दाखवला, आणि बायांनी पहिला प्रश्न काय विचारला? जमिनीचा नाय, वनहक्काचा नाय. विचारलं, "मग बाजाराची पावती आपण ठरवायची का?" मी म्हटलं, हो, असं लिहिलंय. मग त्यांनीच सांगितलं, जी बाई डोक्यावर भारा आणून खाली बसते तिला पावती लावू नये, टेम्पोवाल्याला लावा. तोही ठराव लिहिला. सह्या आणि अंगठे झाले. दोन्ही कागद कचेरीत दिले, पोच घेतली. ती पोच माझ्याकडे आहे.

मग काही महिन्यांनी विचारायला गेलो तर तिथला साहेब म्हणतो, तुमचं गाव आता नगरपंचायतीत चाललं. पाडा वॉर्डात जाईल. गावसभेचा विषय संपला.

हे काय झालं? ज्या २०१४ साली पेसाचे नियम आले, त्याच साली सरकारनं ठरवलं की तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींची नगरपंचायत करायची. पेठ, सुरगाणा, मोखाडा, धडगाव, एटापल्ली, भामरागड, ही सगळी अनुसूचित क्षेत्रातली तालुक्याची गावं. पेसा पंचायतीला लागू आहे. नगरपंचायत नावात पंचायत असली तरी ती पंचायत नाय, ती नगरपालिकेच्या कायद्यातली. नाव ऐकून आमच्या पाड्यातले म्हातारे फसले, मी पण आधी फसले.

एका बाजूला बाजार गावसभेच्या हातात दिला, आणि जिथं बाजार भरतो त्याच गावातून गावसभा काढली. बाजार तर तालुक्याच्याच गावात भरतो ना? डोंगरावरच्या पाड्यात कुठला बाजार! तिथं कायदा आहे आणि बाजार नाय, इथं बाजार आहे आणि कायदा नाय.

फरक काय पडतो ते सांगते. पेसाच्या ग्रामपंचायतीत निम्म्याहून कमी जागा आदिवासींच्या असूच शकत नाहीत, आणि सरपंच आदिवासीच. नगरपंचायतीत १७ जागा. आदिवासींच्या किती, ते त्या हद्दीतल्या लोकसंख्येवर. नगराध्यक्षाच्या आरक्षणाची सोडत निघते, चिठ्ठीत जे येईल ते. आणि गावसभेसारखा अधिकार असलेली सभा नाय. नगरसेवक असेल, त्याच्या घरी जाऊन विनवायचं.

कोणी म्हणेल, नगरपालिका तर आपल्या भागात आधीपासून आहेत. आहेत. पण घटनेचं कलम २४३ झेडसी काढून वाचा. नगरपालिकांचा जो भाग १९९३ साली घटनेत आला तो अनुसूचित क्षेत्राला लागू नाही, संसदेनं वेगळा कायदा करून लागू करावा, असं तिथं लिहिलंय. पंचायतीसाठी तसा कायदा केला, तोच पेसा. शहरासाठी २००१ मध्ये राज्यसभेत विधेयक आणलं, ते आजवर मंजूर नाय. मग कुठल्या आधारानं आमच्या गावाची नगरपंचायत होते, हे आम्ही विचारलं तर साहेब म्हणाले, वरून आलंय. मी वकील नाय. पण एवढं साधं वाचता येतं.

छत्तीसगडमध्ये प्रेमनगर म्हणून गाव आहे, जुन्या सरगुजा जिल्ह्यातलं. तिथल्या गावसभेनं वीज प्रकल्पाला पुन्हा पुन्हा नकार दिला. तर सरकारनं त्या गावाची नगरपंचायत केली. आपल्याकडे प्रकल्प नाय, पण रस्त्याकडेच्या जमिनीला भाव आलाय. मोटरसायकलवर फिरणारे दलाल पाड्यात येऊन सांगतात, आता शहर झालं, कायदा उठला, जमीन कोणालाही विकता येते. हे खोटं आहे. जमीन महसूल कायद्याचं ३६-अ कलम ६ जुलै १९७४ पासून आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर आधी कलेक्टरची मंजुरी लागते, विक्रीला तर सरकारचीही. ते कलम गाव बघत नाय, शहर बघत नाय. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. इसार घेऊ नका, भले पोराचं लग्न असो.

आता जरा आपलंही बोलते, राग मानू नका. माझा सख्खा भाऊ नगरपंचायतीच्या बाजूनं आहे. तो म्हणतो, नळ येईल, गटार होईल, रात्री दिवा असेल, तुझ्या गावसभेनं काय दिलं? त्याला उत्तर देताना माझी जीभ अडते. गावसभा होती तेव्हा आपण किती जण जात होतो? सभा बाजाराच्या दिवशी ठेवायचे, बाया भाजी विकत असायच्या, पुरुष दिवाळीनंतर वीटभट्टीवर. सह्यांचं रजिस्टर घरी फिरायचं आणि आपण सही करायचो. मी पण केलीय, न वाचता. नळ पाहिजेच, दिवा पाहिजेच. शहरात राहून शिकले, मला शहराचा राग नाय. पण नळासाठी गावसभा का द्यायची, हे भावानं मला सांगावं. दोन्ही का नाय? वरच्या पाड्यांना पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतीत येतोय, २०१५ च्या एप्रिलमध्ये त्याचा निर्णय निघाला. तो पेसाच्या ग्रामपंचायतींना आहे. आमचा पाडा त्यातून सुटणार.

आणि वनहक्काचं. दाव्याची सुरुवात गावसभेतून होते, वनहक्क समिती तीच निवडते. आमच्या पाड्यातले दावे अजून पडून आहेत. साहेबांना विचारलं, आता हे कोणापुढं ठेवायचे? साहेबांनी फाईल बंद केली आणि चहा मागवला. आमच्यासाठी नाय, स्वतःसाठी.

तर काम काय करायचं. हरकती द्यायच्या. एकच मोठं निवेदन आणि खाली दोनशे सह्या, असं नको. ते एक हरकत म्हणून मोजतात. प्रत्येकाची वेगळी, स्वतःच्या नावानं. नमुना मी मराठीत लिहिलाय, अर्धं पान आहे. ज्यांना लिहिता येत नाय त्यांची हरकत नववी-दहावीतली पोरं लिहितील, अंगठ्याच्या बाजूला नाव घालतील. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख घेऊनच माघारी यायचं. शिक्का देत नसतील तर तिथंच बसायचं, भाकरी बांधून आणा. पाड्याच्या जुन्या ठरावाची झेरॉक्स सोबत जोडायची.

मंगळवारी जाऊ. बाजार गुरुवारी असतो, म्हणजे बायांचा धंदा बुडणार नाय. दहा वाजता वडाखाली जमू. आईनं कालच मला विचारलं, हरकतीत शेवळाच्या दोन जुड्यांचं लिहायचं का? मी म्हटलं, लिही. तिच्या कागदावर ते पहिलंच वाक्य आहे.